पट्ट्यावरचा पहिला आंबा

महिपतशेठांच्या कॅनिंगमध्ये सीझनचा पहिला आंबा डब्यात जात नसे, देवाला जात असे. आणि तो चालत्या पट्ट्यावरून उचलायचा मान होता यमुनाबाईचा.

कॅनिंग म्हणजे एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, कातळावर उभी केलेली लांबलचक शेड. जो आंबा पेटीत शोभत नाही, डागाळलेला, मार लागलेला, तो इथे येतो. टाकीत धुतला जातो, पट्ट्यावरून बायकांच्या हाताखालून जातो, त्याचा रस होतो, डब्यात बंद होतो आणि परदेशी जातो. यमुनाबाई तिथे थोरल्या शेठांच्या वेळेपासून कामाला. तिच्या सासरच्या घराला गावच्या देवळात मान आहे, म्हणून थोरल्या शेठनी हे काम तिला दिलं. पगारात त्यानं काही वाढलं नाही, पण त्या एका दिवशी सगळ्या बायका तिच्यासाठी बाजूला सरत, आणि तेवढं तिला वर्षभर पुरे.

पहिल्या दिवशी गुरव यंत्रासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली. कामाच्या माणसांच्या हातापायांची राखण कर, माल खपू दे, काही वाकडं येणार असेल तर वाटेतच परतव. सगळी शेड एका सुरात म्हणे, ‘व्हय म्हाराजा’. मग शेठ बटण दाबीत. पट्टा एकदा सुरू झाला की देवाचा आंबा उचलेपर्यंत तो थांबवायचा नाही, थांबला तर सीझन बुडाला. एका साली नेमकी त्याच वेळी लाइट गेली होती आणि त्या साली सगळ्या बागांना थ्रिप्सची कीड लागली. तेव्हापासून यावर कोणी वाद घातला नाही. यमुनाबाईनं तर नाहीच नाही.

गेल्या साली नवा पट्टा आला. जुना म्हशीसारखा चाले, हा पळे. पट्टा जिथे रुळाखाली जातो तिथे लोखंडी जाळी होती, ती सकाळी काढून ठेवली होती, कारण रुळाच्या खांबांना झेंडूचं तोरण बांधायचं होतं आणि जाळीमुळे ते फोटोत दिसत नव्हतं. शेठांचे पाहुणे मोबाईल धरून उभे होते. यमुनाबाई नवं लुगडं नेसून, केसात अबोलीचा वळेसर माळून पट्ट्याशी उभी राहिली. आंबा आला, तिची बोटं त्याला लागली आणि तो घरंगळून पुढे गेला. संदेशचा हात बटणावर होता. हा संदेश तिच्याच भावकीतला, दिराचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी सुपरवायझर झालेला. त्यानं शेठांकडे पाहिलं. शेठ म्हणाले, “थांबवू नको रे. काकी उचलतेय.”

यमुनाबाईनं उचललासुद्धा. आंबा तिच्या डाव्या हातात होता, अख्खा. पण उजव्या हाताची मधली दोन बोटं रुळानं नेली होती.

तो आंबा धुऊन देवळात गेलाच. रक्ताचा डाग लागलेला देवाला कसा चालेल, असं कोणीतरी विचारलं, तर शेठ म्हणाले, सालीलाच आहे. सिव्हिलमध्ये पडल्या पडल्या यमुनाबाईला हे कळलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. देवाचं देवाला पोचलं होतं.

घरी नवरा, हरिश्चंद्र. मुंबईत जन्मभर वॉचमनकी करून आलेला, आता दम्यानं ओटीवर बसलेला. त्याला भाकरी वेडीवाकडी आलेली चालत नसे. पहिल्यांदा तिनं तीन बोटांनी भाकरी थापली तेव्हा ती त्यानं उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, “हिला पण बोटं कमी आहेत काय गो?” तिनं ती परत घेऊन कुत्र्याला घातली आणि दुसरी थापली. ती पहिलीपेक्षा वाईट झाली.

या साली मार्चअखेर संदेश घरी येऊन सांगून गेला. रस विकत घेणारी परदेशातली पार्टी हटून बसली आहे. प्रत्येक कामगाराचं सुरक्षेचं ऑनलाइन ट्रेनिंग झालंच पाहिजे, व्हिडिओ बघायचा, खाली प्रश्न येतात त्यांची उत्तरं द्यायची, पास झालं तरच कार्ड. तीन वेळा चुकलं तर नाव बंद. “तुझ्या हाताला दुसरीकडे कोण घेणार, काकी?” तो म्हणाला. “शेठनी तुला ठेवायची म्हटलनी हेच उपकार. पास हो म्हणजे झालं.”

तो खोटं बोलत नव्हता. मासळीच्या कंपनीत ती जाऊन आली होती. तिथल्या बाईनं हात बघितला आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. हरिश्चंद्राचा दम्याचा पंप आणि गोळ्या तिच्या सीझनच्या कमाईवर वर्ष काढत. कॅनिंग गेली की घर गेलं, हे त्या दोघांना न बोलता कळत होतं.

ट्रेनिंगच्या दिवशी बायका शेडमध्ये पोत्यांवर बसल्या. भिंतीवर टीव्ही लावला होता. आधी गमबूट कसे घालायचे ते दाखवलं, मग टोपी, मग साबण. एक गोड आवाजाची बाई बालवाडीतल्या मुलांना सांगावं तसं सांगत होती. बायका कंटाळून पदरानं वारा घेत होत्या. मग ती बाई म्हणाली, आता आपण एक खरा अपघात पाहूया.

शेडमधल्या कॅमेऱ्यातलं चित्र होतं, वरून घेतलेलं, आवाज नसलेलं. एक बाई पट्ट्यावर ओणवते, पुढे सरकते, हात लांबवते आणि मग एकाएकी अंगात आल्यासारखी गदगदा हलायला लागते. बाईचं तोंड पुसट केलं होतं.

“नाचते कशी बघा,” तुळसा म्हणाली आणि दोघीतिघी फिस्सकन हसल्या.

मग त्यांना तो वळेसर दिसला. हसू थांबलं. यमुनाबाई भिंतीशी बसली होती, पदर हातावर घेऊन. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि परत टीव्हीकडे. तुळसानं पदर तोंडात कोंबला, पण एकदा आलेलं हसू दाबून दबत नाही. तिचे खांदे कितीतरी वेळ हलत होते.

चित्रात शेठ नव्हते. पाहुणे नव्हते. बटणावरचा हात नव्हता. कॅमेरा त्या बाजूला वळलेला नव्हता आणि त्याला कान नव्हते. गाऱ्हाणं नाही, वरून तोरणही दिसत नाही. नुसती एक म्हातारी येते आणि चालत्या यंत्रात हात घालते. यमुनाबाईला स्वतःलाच क्षणभर वाटलं, काय अडलं होतं हिचं?

मग मोबाईलवर प्रश्न आले. साबणाचे, बुटांचे तिनं बरोबर दिले, चौथीपर्यंत शिकलेली होती ती. शेवटचा प्रश्न त्या चित्रावरचा. अपघाताचे कारण काय? अ, यंत्राला जाळी नव्हती. ब, कामगाराने चालू यंत्रात हात घातला. क, यंत्र थांबवले नाही.

तिनं डाव्या अंगठ्यानं क दाबलं.

“अरेरे,” मोबाईलमधली बाई म्हणाली. “हे उत्तर चुकलं. चला, पुन्हा पाहूया.” आणि चित्र पहिल्यापासून सुरू झालं. ते थांबवता येत नव्हतं, पुढे ढकलता येत नव्हतं. तिनं मोबाईल उपडा ठेवला, तर संदेश येऊन तो सरळ करून गेला, कारण बघणारीचं तोंड समोर दिसलं नाही तर मोबाईल ते बघितलेलं धरत नाही. तिला ते शेवटपर्यंत बघावं लागलं.

दुसऱ्यांदा तिनं अ दाबलं. जाळी नव्हतीच. जाळी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी कोपऱ्यात उभी केलेली पाहिली होती.

“अरेरे. चला, पुन्हा पाहूया.”

आता बाकीच्यांचं आटपलं होतं. दोघी तिच्या मागे उभ्या राहून तिच्या खांद्यावरून बघू लागल्या. संदेश उकिडवा बसला आणि हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “काकी, हात तूच घातलास ना? मग? आणखी कोणी घातला काय?”

ब खोटं नव्हतं. तेच तर वाईट होतं. ती देवाचं नाव घेऊन खोटं बोलली नसती, मग घर जावो की राहो. पण इथे खोटं बोलायला कोणी सांगतच नव्हतं. तिनं ब दाबलं. मोबाईलमधून टाळ्या वाजल्या, रंगीत फुलं पडली आणि बाई म्हणाली, “शाब्बास!”

तिला पट्ट्यावर मात्र घेतलं नाही. शेठांच्या डोक्यात दुसरंच आलं होतं. सीझनभर नव्या बायका येत राहतात, दर खेपेला ट्रेनिंग होतं. त्या वेळी यमुनाबाईनं चित्रातल्यासारखा वळेसर माळून टीव्हीशेजारी खुर्चीवर बसायचं, चित्र संपलं की हात वर करून दाखवायचा आणि बोलायचं. काय बोलायचं ते संदेशनं पाठ करून घेतलं. माझी चूक झाली, तुम्ही करू नका. पहिल्यांदा ती पुटपुटली, तर त्यानं मोठ्यानं म्हणायला लावलं. पदर हातावरून काढायला लावला. काही बायकांना जवळून बघायचं असे. कोणी बोटांच्या थोटकांवर बोट फिरवून बघत आणि ‘आई गो’ करत. मग तिला चहा मिळे.

हरिश्चंद्राला हे ऐकून फार दिवसांनी हसू आलं. “देवानं दोन बोटं घेतलान आन् खुर्ची दिलान,” तो ओटीवरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. “आणखी दोन घेतली असतीन तर टेबलपण आला असता.” पगार येत होता, पंप येत होता. नवरा वाईट बोललाच तर तेवढंच बोले. तीही मग बोलायला शिकली. सरावानं तिच्या बोलण्याला गाऱ्हाण्याचा सूर आला, आणि समोरच्या बायका नकळत ‘व्हय’ म्हणू लागल्या.

मे महिन्याच्या मध्यावर हेदवीकडून लग्न होऊन आलेली दीपाली नावाची मुलगी नव्या बायकांत होती. चित्र झालं. यमुनाबाईनं हात वर केला आणि आपलं म्हणणं म्हटलं. बायका ‘व्हय’ म्हणाल्या. दीपाली म्हणाली नाही. तिनं विचारलं, अगदी साधं, वाट विचारावी तसं, “पण काकी, मशीन कोणी थांबवलान का नाय?”

इतक्या बायका आल्या आणि गेल्या होत्या. हातावर बोट फिरवून गेल्या होत्या. कोणी हे विचारलं नव्हतं. विचारलं तर काय सांगायचं हे संदेशनंही पाठ करून घेतलं नव्हतं. तो दाराशी उभा होता.

यमुनाबाईनं हात खाली घेतला. “देवाचा आंबा उचलेपर्यंत थांबवायची नसते,” ती म्हणाली. “शेठ म्हणाले, थांबवू नको. ह्या संदेशाचा हात बटणावर होता. ह्यानं थांबवलान नाय. आणि खरं विचारशील तर मलापण वाटत होतं, थांबवू नये.”

संदेशच्या तोंडावरचा रंग गेला आणि लगेच परत आला. तो हसला. म्हणाला, काकी दुखण्याच्या गोळ्या घेते, त्यानं कधीकधी असं होतं. बायकांनाही सुटल्यासारखं वाटलं, त्या हसल्या. तो बाहेर जाऊन फोनवर बोलून आला आणि तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, “शेठ म्हणतायत, काकीला आता झेपत नाय. उद्यापासून घरी आराम कर.” तिच्या गळ्यातलं कार्ड त्यानं स्वतःच्या हातानं काढलं. आईच्या गळ्यातलं काढावं तसं, जपून, वळेसराला धक्का न लावता.

देवाच्या दारी खरं बोलल्यावर जे वाटावं ते वाटतं का, म्हणून ती वाट बघत होती. तसं काही वाटलं नाही. हरिश्चंद्राला काय सांगायचं, एवढंच डोक्यात येत होतं. ती खुर्चीवरून उठली, दाराशी आली आणि चपला शोधू लागली.

आत मोबाईलवर प्रश्न सुरू झाले होते. मग तिला तो गोड आवाज ऐकू आला. “अरेरे. चला, पुन्हा पाहूया.”

ती वळली. दीपाली होती. मोबाईल दोन्ही हातांनी धरून बसली होती, डोळे त्यात. तिनं क दाबलं असणार, नुकतंच ऐकलेलं. चित्र संपलं तशी तिनं मान वर केली, शेडभर बघितलं आणि यमुनाबाई दिसल्यावर तिला धीर आला.

“काकी,” तिनं हळूच विचारलं, “ह्यात ब म्हणायचा ना?”

यमुनाबाईच्या एका पायात चप्पल होती. दुसरी तिच्या तीन बोटांत होती.

“ब दाब गो,” ती म्हणाली. “नायतर परत दाखवील.”

टाळ्या वाजल्या. शेजारच्या बाईनं आपलाही मोबाईल पुढे केला, आणि तिच्यामागून आणखी एकीनं. माझाही बघा हो काकी, तुम्हाला माहीत आहे. यमुनाबाई दारातच उभी राहिली आणि जी येईल तिला सांगत गेली.