मोटारीतला बाजा आणि गोपाळराव

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. गाढवपणावर आहे, कारण तो मी स्वतः केलेला आहे – सासऱ्यांच्या गाण्याची एकुलती एक तबकडी मी जेठातल्या रणरणत्या दुपारी मोटारीच्या सीटवर विसरलो. दफ्तरातून येऊन पाहतो तो तिचा पापड झालेला...

ही लष्कर शहरातली, सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सरदारांनी टाकायला काढलेली मोटार मी घेतली होती आणि तिच्यात तबकड्यांचा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, बसवायचं खूळ डोक्यात होतं. घरात आईसमोर बायकोला गाणं ऐकवायची माझी छाती नव्हती, मोटारीत होती.

सासरे गवई. त्यांनी आयुष्यात एकच तबकडी भरली, दिल्लीच्या एका हॉटेलात, गोऱ्या साहेबापुढे. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे गाणं संपताच त्यांनी भोंग्यात तोंड घालून आपलं नाव ठणकावलं. मागे तंबोरा घेऊन बसली होती नऊ वर्षांची माझी बायको. तिचं नाव घ्यायचं राहिलं. पुढच्या तबकडीत घेऊ म्हणाले... पुढची भरलीच नाही, आणि ते गेले. त्या खरखरीत तिचा तंबोराही ऐकू येत नसे. माहेरच्या बाज्यावर ती तबकडी संपली की ही दर वेळी हळूच म्हणायची, “आणि तंबोऱ्यावर कोण होतं?”

तो तंबोरा हिला ऐकवायचाच, असं मी ठरवलं – खिशाला झेपेल तेवढ्यात. जुन्या बाजारातून पेटीचा बाजा आणला, साउंड बॉक्सला अभ्रकाचा नवा पडदा घातला, तांबटाकडून पितळी कर्णा करून घेतला. खड्ड्यांत सुई उडू नये म्हणून सगळं सायकलच्या ट्यूबांनी मागच्या सीटवर टांगलं. पाळणाच तो! तरी इंजिनापुढे आवाज दबायचा. मिस्त्री म्हणाला, “बाबूजी, इंजन से लड़ेगा तो बाजा हारेगा ही. गाड़ी रोककर सुनिए.” म्हणजे एवढ्या खटपटीनंतर मोटार उभीच ठेवायची.

आणि त्यात तो पापड. हिला पत्ता न लागू देता दोन दिवस गच्चीवरच्या उन्हात, खिडकीच्या दोन काचांमध्ये, वर आईचा पाटा ठेवून मी ती तबकडी सरळ केली.

मंगळवारी ही मांढरेच्या मातेच्या दर्शनाला टेकडीवरच्या देवळात गेली. मी खाली कडुनिंबाच्या सावलीत मोटार उभी केली आणि ती येईपर्यंत पाहून घ्यावं म्हणून तबकडी लावली. जरा डुलत होती, पण वाजली. आणि तंबोरा... स्वच्छ. चारही तारा. गाणं संपलं, सासऱ्यांनी नाव ठणकावलं. मी सुई उचलायला हात घातला, तेवढ्यात तोच आवाज – पण खालचा, मान मागे वळवून बोलल्यासारखा – “तंबोऱ्यावर आमचे गोपाळराव.”

ही पायऱ्या उतरून आली, तर मी चोर पकडल्याच्या थाटात सांगून टाकलं, की इतकी वर्षं मी होते, मी होते म्हणतेस, तंबोऱ्यावर तर कुणी गोपाळराव होते.

ती फूटबोर्डावर बसली. प्रसादाची पुडी हातातच.

“बाबा दार लावून शिकवायचे मला,” ती म्हणाली. “पोरीला शिकवतात म्हणून लोक बोलतील ना. म्हणून मला हाक मारायचे ती पुरुषाच्या नावाने – गोपाळराव, सूर लावा. हे नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हांलासुद्धा.”

मग आम्ही ती तबकडी सात वेळा लावली. सातही वेळा फक्त सासऱ्यांचं नाव, आणि पुढे खरखर. तंबोराही पुन्हा बुडाला होता. मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, तव्यात, म्हणजे तबकडीत, जे भरलंय तेच तवा बोलणार. ऊन म्हणा, काचा म्हणा, अभ्रक म्हणा... मला आजही काही उलगडत नाही. त्या वेळी तर मी इतका गडबडलो, की पापडाची गोष्टही न विचारता कबूल करून बसलो.

ती रागावली नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “माझ्यासमोर नाही, तुमच्यासमोर का बोलले, ते आता कळलं. बाबांना ठाऊक होतं, तुमच्या पोटात काही राहत नाही.”