वाटणीत न गेलेला ट्रॅक्टर

कुठलीही जुनी वस्तू समोर आली की आमच्या शेजारचे काका आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "जीव हाये अजून." पुंडलिकनगरातलं आमचं गंजकं फाटक, माझी स्कूटर, बायकोनं टाकायला काढलेला मिक्सर, सगळे या परीक्षेत पास झाले होते. नापास झालेली वस्तू मी तरी पाहिली नाही. तुमच्या गल्लीतही असे एखादे काका असतील, पण आमच्या काकांकडे ट्रॅक्टर होता.

म्हणजे चितेगावजवळ, त्यांच्या गावी होता. शेताची वाटणी झाल्यावर काकांनी आपला वाटा विकून शहरात घर बांधलं. धाकट्या भावाच्या शेतात लिंबाखाली बंद पडलेला ट्रॅक्टर तेवढा दोघांत सामाईक राहिला. धाकटे म्हणायचे, भंगारात देऊ. काका म्हणायचे, दुरुस्त करू. या एका वादासाठी काका दर रविवारी गावी जायचे. ट्रॅक्टर गेला असता तर तिकडे जायला त्यांच्याकडे निमित्तच उरलं नसतं. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकदा मलाही नेलं. मी कधीकाळी स्कूटरचा प्लग स्वतः बदलला होता, तेवढ्यावर मी जाणकार ठरलो. पुढची चाकं मातीत रुतलेली, सीटमधून गवत उगवलेलं आणि बॅटरीच्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. काकांनी बॉनेटवर टकटक केलं. आतून कुरकुर ऐकू आली.

"ऐकलं का सर? जीव हाये अजून."

"दादा, त्यो कोंबडीचा जीव हाये," धाकटे म्हणाले.

मग दोघं भांडले, अगदी मन लावून. जेवताना भांडण थांबलं. त्यातही काकांच्या ताटात ठेचा धाकट्यांनीच वाढला. हात धुतले की पुन्हा सुरू. शेवटी पिल्लं निघेपर्यंत थांबायचं ठरलं.

पिल्लं निघाली, मोठी झाली, त्यातली काही माझ्या ताटातही आली. मग काकांनी उस्मानपुऱ्यातून एक मिस्त्री नेला. त्यानं इंजिन उघडून सांगितलं, "बनता तो है काका, मगर इत्ते में दूसरा आ जाता." काकांनी 'बनता है' एवढंच ऐकलं, धाकट्यांनी 'दूसरा आ जाता' एवढंच. त्यावर पुढचे कितीतरी रविवार गेले.

एका वर्षी मात्र धाकट्यांनी पोळा झाला की लगेच यायला भंगारवाल्याला सांगून ठेवलं. काकांना ते त्यांनी स्वतःच कळवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. बैल उरकल्यावर काकांनी उरलेलं तूप-हळद ट्रॅक्टरच्या बॉनेटला चोळलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." धाकट्यांनी कपाळाला हात लावला.

पोळ्यानंतर भंगारवाला आला, तर काका आडवे. आवतन दिलेल्या पाहुण्याला भंगारात घालणारं आपलं घराणं नाही, असं त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलं. भंगारवाला बिचारा चहा पिऊन परत गेला.

त्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. रविवारी सकाळी त्यांचं दार बंद दिसायचं आणि मला उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

पुढच्या खांदेमळणीला मी मुद्दाम गावी गेलो. ट्रॅक्टर गेला असणार असं वाटलं होतं, पण तो जागेवरच होता. धाकटे त्याच्या बॉनेटला तूप-हळद चोळत होते. आता अडवायला कोणी नाही, मग भंगारात का दिला नाही, असं मी विचारलं.

त्यांचा हात थांबला नाही. "भंगारात द्यायचा असता तर दादाला इचारत बसलो असतो का, सर? आन् मी एकदा जरी व्हय म्हणलो असतो, तर ट्रॅक्टर नीट झाला असता. मंग दादा रविवारचा कशापायी आला असता?"

धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले, तूप-हळद गालाला लागली. मग बॉनेटवर पेरानं टकटक केलं आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं मान तिरकी करून ऐकत राहिलो.

आतून कोंबडी कुरकुरली.