हिराभाऊचं वाकणं

फोन आला तेव्हा मी मळ्यात केळीला पाणी लावून बांधावर बसलो होतो. नंबर हिराभाऊचा होता, म्हणून उचलल्या उचलल्या म्हणालो, "काय रे, आज इतक्या सकाळी?" पलीकडून त्याच्या बायकोचा, इंदूवहिनींचा आवाज आला. "अप्पा, तुम्हना भाऊ उठत नही..." एवढंच. चहा पिऊन अंगणातल्या खुर्चीत बसला होता, तो बसल्या जागीच गेला. ना कुणाला हाक, ना निरोप. लोक म्हणाले, भाग्यवान, हातीपायी धड गेला. असेल बुवा. मला मात्र त्या दिवसापासून नुसता थकवा आला आहे. रस्त्यात माणसं भेटतात, तेच विचारतात, मी तेच सांगतो, आणि घरी येऊन पडून राहतो. आता एकदा लिहूनच टाकतो.

आम्ही दोघं ब्राह्मणपुरीचे. सगळी नोकरी पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात झाली, मी शेतकी खात्यात आणि तो लॅबमध्ये. कॉलनीतही भिंतीला भिंत लागून घरं. उसाचा रस तपासता तपासता त्याला सगळंच तपासायची खोड लागली होती. दूधवाल्याचं दूध तपासणार, किराण्याचं वजन पुन्हा करणार, मी सांगितलेली बातमीसुद्धा दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेणार. त्यात एकदा त्याची मोटारसायकल भर दुपारी बाजारातून चोरीला गेली. मग तर विचारूच नका. घराची किल्ली कुठे ठेवतो ते बायकोला माहीत नसायचं. ती बिचारी भाजीची पिशवी घेऊन ओट्यावर त्याची वाट बघत बसायची. मी चिडायचो. "अरे, बायकोचा तरी भरवसा धर!" तो म्हणायचा, "भरवसा शे रे. पन तिन्ही मैत्रीणीसना नही."

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. घरी आली त्याच दिवशी वहिनींनी आत, समोरच्या काचेखालच्या पत्र्यावर मधोमध कानबाईचा छोटा फोटो चिकटवला. हिराभाऊ कुठल्या देवळाची पायरी न चढणारा माणूस, तो भडकलाच. "देवी काय ब्रेक मारी का?" वहिनी म्हणाल्या, "ब्रेक तुम्ही मारा. ती तुमले सांभाळी." दोन दिवस घरात अबोला. फोटो मात्र राहिला. आणि काही दिवसांनी नवल घडलं. गाडीत बसला की किल्ली लावायच्या आधी हिराभाऊ त्या फोटोसमोर वाकायला लागला. डावा हात खाली, मान खाली, क्षणभर तसाच, मग सरळ होऊन किल्ली. उतरतानाही तेच. मी जाम चिडवलं त्याला. "काय रे, म्हातारपणी देव आठवला का?" तो नुसता म्हणायचा, "तुले काय करनं?" वहिनींना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "देखा अप्पा, जलमभर कोठे वाकनात नही, पन मन्ही कानबाईपुढे वाकतस." संसारात या बाईचं त्याने फार काही ऐकलं नव्हतं. हे एक ऐकलं, याचं तिला केवढं कौतुक होतं!

त्या व्हॅनमधून आम्ही खूप फिरलो. एकदा तोरणमाळहून उतरताना घाटात गाडी बंद पडली. पाऊस नुकताच थांबलेला, मागे आम्ही वाटेत घेतलेलं एक पावरा आदिवासी कुटुंब, त्यांच्या सीताफळांच्या टोपल्या, एक कोंबडी. मी म्हणालो, मार रे सेल्फ, मार अजून. तर माझ्यावरच खेकसला. "सेल्फ मारी मारी बॅटरी उतरी जाई! इंजिन फिरी ऱ्हायनं ना? मंग बॅटरीना दोष नही. आते सगळा चूप बठा." सगळे चूप. त्याने किल्ली एक घर फिरवली, सेल्फपर्यंत नेली नाही, आणि कान मागे लावला. मागच्या बाजूने बारीक गुंऽऽ असा आवाज आला आणि थांबला. "पंप चाली ऱ्हायना. म्हणजे पेट्रोल येस." खाली उतरून त्याने हुंगलं, पेट्रोलचा वास होता. "पेट्रोल शे, हवा शे, राहिना करंट." मग इंजिनवरचं झाकण काढून प्लगच्या वायरी बघितल्या तर त्या पावसाने चिंब. मागच्या म्हातारीने टोपलीवरचं फडकं काढून दिलं, त्याने वायरी नि टोप्या कोरड्या पुसल्या, आणि गाडी खाकरून चालू झाली. म्हातारी हसली. मोडक्यातोडक्या मराठीत नातवाला म्हणाली, हा बाबा गाडीची नाडी बघतो. हिराभाऊला हे इतकं आवडलं की पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगत होता. मी मात्र घाटात भिजलो आणि आठवडाभर खोकलो, ते कुणी सांगत नाही.

तर आता तो गेल्यावरची गोष्ट. दिवसकार्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या गंधमुक्तीच्या सामानासाठी शहाद्याला जायचं होतं. गल्लीतला संजय, जो भाड्याने गाड्या चालवतो, तो व्हॅनमध्ये बसला आणि त्याने सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, फिरतंय, पण पेटायचं नाव नाही. त्या दिवशी दुसऱ्या गाडीने भागवलं. पुढे शहाद्याहून मेकॅनिक आला. तो पोरगा हुशार होता, त्याने सगळं बघून वहिनींना विचारलं, "काकू, चोर स्विच बसाडेल शे का?" आमच्याकडे बरेच लोक असा लपवलेला स्विच बसवून घेतात, तो बंद असला की इंजिन कितीही फिरवा, पंपाला वीजच मिळत नाही, चोर घाम पुसत निघून जातो. वहिनी ताठ मानेने म्हणाल्या, "नही भो. माले म्हाइत नही अशी एक बी वस्तू त्या गाडीमा नही." झालं. मेकॅनिक म्हणाला, मग पंप गेला, जुन्या गाडीला नवा पंप घालण्यात काही अर्थ नाही. वहिनींचा मुलगा दिनेश सुरतला असतो. त्याने तिथूनच फोनवर भंगारवाला ठरवून टाकला.

दिनेश वाईट नाही. त्याला सुट्टी नाही, आईची काळजी आहे, अंगणात सडत पडलेली गाडी कोण बघणार? पण भंगारवाला यायच्या दिवशी वहिनी माझ्या घरी आल्या. या बाईला तो गेला त्या दिवशीसुद्धा मी रडताना पाहिलं नव्हतं. "अप्पा, तिले साखळी बांधीसन टोचन करीसन नेतीन. त्यासनी गाडी कधी टोचनवर गई नही. एकदाव देखा ना... चालू व्हयनी ते मी देत नही." मला म्हणावंसं वाटलं, वहिनी, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, गुडघे दुखताहेत, मला झोपू द्या. पण गेलो.

अंगणात दिनेश होता, कसाबसा एका दिवसासाठी आलेला. भंगारवाल्याचा टेम्पो धडधडत उभा, त्याचा माणूस साखळी सोडत होता. मी म्हणालो, टेम्पो बंद कर आधी. तो म्हणाला, बाबा, उशीर होतो. माझं डोकं फिरलं. "एक माणूस मेला आहे या घरातला! दोन मिनिटं उशीर झाला तर काय आभाळ कोसळतं?" टेम्पो बंद झाला. सगळे चूप. मी व्हॅनमध्ये बसलो, किल्ली एक घर फिरवली आणि कान मागे लावला. काही नाही. गुंऽऽ नाही. दिनेशकडून फ्यूज काढून बघितला, तार शाबूत. पुन्हा किल्ली, पुन्हा काही नाही. म्हणजे पंपच गेला, मेकॅनिक बरोबर होता. दारात वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून मी समोर बघत बसलो.

समोर कानबाई. हळद उडालेली, कडा पिवळ्या पडलेल्या. मला तो आठवला... नुसता आठवला. दार उघडायचा, दोन्ही हातांनी लुंगी सावरत बसायचा, सीट पुढे घ्यायचा, मग वाकायचा, मग किल्ली. मी हे सगळं मनात पुन्हा केलं, आणि कुठेतरी अडकलो. देवाला नमस्कार करायला माणूस एक हात खाली कशाला घालतो? आणि गाडीतून उतरताना नमस्कार कोण करतं? मी तसाच वाकलो, डावा हात फोटोच्या खाली, पत्र्याच्या आत घातला. बोटाला एक छोटीशी दांडी लागली. वर केली. किल्ली फिरवली. मागून गुंऽऽ आलं, आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली.

सगळे ओरडले. दिनेश बापाच्या आठवणीने "बापू, बापू" करत हसत होता आणि रडत होता. भंगारवाला साखळी गुंडाळायला लागला. वहिनी धावत आल्या. "कसं काय व्हयनं, अप्पा?" आणि मला ब्रह्मांड आठवलं. सांगू काय या बाईला? की तुमचा नवरा कधी वाकलाच नव्हता? तो चोराच्या भीतीने स्विच दाबत होता, तुम्हालाही न सांगता? न सांगावं तर उद्या गाडी चालू कोण करणार? शेवटी मी दिनेशला पाण्याच्या निमित्ताने आत पाठवलं, वहिनींना शेजारच्या सीटवर बसवलं, त्यांचा हात धरून पत्र्याखाली नेला. त्यांनी दांडी चाचपली. खाली केली, इंजिन जरा वेळाने बंद पडलं. त्यांनी दांडी पुन्हा वर केली, पुन्हा खाली. मग म्हणाल्या, "माले बी नही सांगं..." तो आवाज मी विसरणार नाही. हिराभाऊ, तू समोर असतास ना, तर शपथ सांगतो, मी तुझ्या कानाखाली ठेवून दिली असती.

पण वहिनी तशाच बसून राहिल्या, हात अजून आत. मग हळूच फोटोकडे बघितलं. "अप्पा, इतली मोठी गाडी. सीटखाले जागा व्हती, मांगे व्हती. मंग त्यासनी आठेच का बसाडा? देवीना पायशीच का?" वायरिंग तिथूनच जातं, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मी म्हणालो, "ते तुम्हालाच ठाऊक वहिनी, आम्हाला तो काय सांगणार?" त्यांनी डोळे पुसले. "दिनेशले सांगू नका," म्हणाल्या. मला तेव्हा रडू फुटलं, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा.

गाडी घरीच आहे. वहिनी बाजाराला, दवाखान्याला, कधी लेकीकडे तिच्यातूनच जातात, चालवायला संजय असतो. मीही कधी मागे बसतो. वहिनी शेजारच्या सीटवर बसल्या की आधी फोटोपुढे वाकतात, हात खाली, मान खाली. परवा संजय म्हणाला, "मावशी, तुम्हनी देवी पावनी बरं का! गाडी पयल्या झटक्याले चालू व्हस." वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "व्हस ना." शहाद्याला पोचलो, संजयने किल्ली काढली, आणि वहिनी उतरायच्या आधी पुन्हा वाकल्या. संजयला अजून काही सुचलेलं नाही. मलाही इतकी वर्षं कुठे सुचलं होतं?