दिवसा झोपणारं घर

मी चौथीत होते तेव्हा बाबा सायकलवर झोपले.

नाइट शिफ्ट संपवून ते धाटावच्या कंपनीतून रोह्याला घरी येत होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. रस्त्याच्या कडेनं कालवा जातो. रस्ता वळला, सायकल मात्र सरळ गेली. पाणी गुडघाभरच होतं, पण काठाचा दगड खांद्याला लागला. कालव्यावर कपडे धुणाऱ्या एका बाईनं त्यांना ओढून वर काढलं. ती नंतर आईला सांगत होती, "पडला तवा पण डोळे मिटलेलेच व्हते गो त्याचे. मला वाटलं, गेला." बाबांना पडल्याचं काहीच आठवत नव्हतं. त्यांना एवढंच आठवत होतं की आपण पेणकडच्या आपल्या गावात, वडिलांच्या मिठागराच्या बांधावरून चाललोय आणि दोन्ही बाजूंना लांबपर्यंत पांढरं पसरलंय.

खांद्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे ते घरी राहिले. आता शिफ्ट नव्हती, भोंगा नव्हता, रात्रभर झोपायला मोकळे होते, तरी त्यांना झोप लागेना. एक आठवडा सकाळी, एक दुपारी, एक रात्री, असं बारा वर्षं चाललेलं. शरीराला रात्र म्हणजे काय तेच कळेनासं झालं होतं. खांदा दाखवायला गेलो तेव्हा आईनं डॉक्टरांना हेही सांगितलं. ते म्हणाले, "रोज ठरलेल्या वेळी झोपायचं. वेळ चुकवायची नाही."

बाबा हसले. "ते आमच्या शिफ्टला सांगा, डॉक्टर."

आई पेणजवळच्या हमरापूरची. तिच्या माहेरी सगळं घर गणपतीच्या मूर्ती करतं. परतीच्या वाटेवर चालता चालता ती म्हणाली, "आमच्याकडं रंगवायला सकाळी बसा नायतर संध्याकाळी बसा, आधी पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगाचा रंग, मग पितांबर, मग दागिने, आणि डोळे शेवटी. वेळ कधी कुणी पाळली नाय. क्रम कधी कुणी मोडला नाय."

"मंग? मी काय गणपती हाय?"

"तुमचे पण डोळेच शेवटी करायचे हायत," आई म्हणाली.

क्रम बसवायला तिला पावसाळा उजाडला. पहिल्यांदा तिनं दुधात जायफळ उगाळून दिलं. त्यानं बाबांचं डोकं जड व्हायचं, झोप यायची नाही. मग खोलीतला उजेड तिला खटकला. आमची चाळीतली एक खोली, तिला एक खिडकी, आणि ती नेमकी उगवतीला. नाइटहून आलेल्या माणसाच्या तोंडावर सगळं ऊन यायचं. आईनं शेजारपाजारच्या मोडक्या छत्र्या गोळा केल्या, त्यांचं काळं कापड उसवून जोडलं आणि खिडकीला पडदा शिवला. कापड जुनं होतं, त्याला बारीक बारीक भोकं होती. बाहेर लख्ख ऊन असलं की पडद्यावर चांदण्या दिसायच्या. सकाळी नऊ वाजता आमच्या घरात चांदणं पडायचं, आणि मला ते सगळ्यांच्याच घरात पडतं असं वाटायचं.

आवाजाचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. एका भिंतीपलीकडं शेजारणीचा रेडिओ, दुसऱ्या भिंतीपलीकडं खलबत्ता. आई कुणाशी भांडली नाही. एके दिवशी तिनं चाळीतल्या बायकांना चहाला बोलावलं आणि कालव्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली, त्या बाईनं सांगितली होती तशीच. मग म्हणाली, "मी दाराला लाल पंचा लावीन. पंचा हाय तवर जरा हळू घ्या."

खलबत्तेवाली शेजारीण म्हणाली, "मिरची काय, मागल्या ओट्यावर पण कुटता येते गो."

त्यानंतर पंचा लागला की चाळीचा तो कोपरा मऊ व्हायचा. पोरं खेळायला दुसऱ्या टोकाला जायची. मासळीवाली आमच्या दारापर्यंत हाक न मारता यायची आणि पाटीवरचं फडकं उचलून नुसती बोटानं दाखवायची, बोंबील का मांदेली. आई मानेनंच हो-नाही करायची. पोस्टमन सायकलची घंटी हातात धरून जायचा. भर दुपारी इतकी माणसं हळू बोलताना मी पुढं कुठंच ऐकली नाहीत. पाण्याखाली घर असावं तसं ते वाटायचं.

शिफ्ट कुठलीही असो, बाबा आले की क्रम तोच. पाय गरम पाण्यानं धुवायचे. मऊ भाताची पेज, सोबत भाजलेला सुका जवळा. चहा नाही. कंपनीतलं काय ते पेज संपेपर्यंत बोलून घ्यायचं, नंतर तो विषय नाही. मग पडदा ओढायचा, पंचा लावायचा. तळपायांना तेल लावून काशाची वाटी फिरवायचं काम माझ्याकडं होतं. तळवे काळे होईपर्यंत घासायचं. शेवटी आई उशाशी बसायची आणि विचारायची, "मीठ कसं काढतात वो?"

पहिल्यांदा तिनं हे खरंच विचारलं असावं. नंतर मात्र ती रोज विचारायची आणि बाबा रोज सांगायचे. भरतीचं पाणी बांधाची तोंडं उघडून आत घ्यायचं. पहिल्या मोठ्या वाफ्यात ते तसंच ठेवायचं, उन्हात, हात लावायचा नाही. गाळ खाली बसतो. मग दुसऱ्या वाफ्यात. तिथं पाणी जरा जड होतं, चाललं तरी लाट उठत नाही. मग तिसऱ्यात. बाबांचा आवाज हळूहळू लांब जायचा, दोन शब्दांमध्ये अंतर पडायचं, आणि तिसऱ्या वाफ्याच्या पुढं ते क्वचितच गेले. माझा हात त्यांच्या तळव्यावर तसाच राहायचा. मीठ शेवटी दिसतं कसं, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

असं दोन वर्षं नीट चाललं. मी सहावीत गेले त्या वर्षी गणपतीच्या आधी मामाकडं काम फार होतं, म्हणून आई तीन आठवडे हमरापूरला गेली. जाताना मला म्हणाली, "बाय, क्रम तुला ठाऊक हाय. तेवढा मोडू नको."

पहिल्याच आठवड्यात बाबांना नाइट आली. मी पेज केली, जरा पातळच झाली. पडदा ओढला, पंचा लावला, वाटी फिरवली. मग उशाशी बसून विचारलं, "बाबा, मीठ कसं काढतात?" त्यांनी सांगितलं, आणि दुसऱ्या वाफ्यातच गप्प झाले. मला फार अभिमान वाटला. मी दप्तर घेऊन हळूच उठले, तर पडद्यातला एक उजेडाचा ठिपका त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला होता आणि अंगठा हलत होता. झोपेत त्यांचा अंगठा कधी हलायचा नाही. ते माझ्यासाठी झोपल्याचं सोंग करत होते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांचे डोळे लाल झाले. सायकलवर टांग टाकताना ते एकदा हँडल धरून नुसते उभे राहिले. चौथ्या सकाळी मी म्हटलं, "तुम्ही झोपत नाय. मला माहीत हाय."

"तू शाळेला गेलीस की घर मोकळं वाटतं," ते म्हणाले. "मग कान जागे राहतात. कोण येतंय, कोण जातंय. तुझी आय असली की ते काम ती करते."

मी दप्तर खाली ठेवलं. "आज मी हाय. मी ऐकते."

मी दाराशेजारी भिंतीला पाठ लावून बसले. बाहेर कुणीतरी बादली ठेवली, ते मी ऐकलं. कौलावर कावळा चालला, तेही ऐकलं. समोर बाबांचा श्वास लांब झाला. पडद्यावरच्या चांदण्या ऊन सरकेल तशा बारीक होत गेल्या. मग मला बांध दिसला, पाणी दिसलं, आणि पुढचं काही आठवत नाही.

जागी झाले तेव्हा आई खोलीत उभी होती. पेणला रंग संपले म्हणून ती रोह्याच्या बाजारात आली होती आणि जाता जाता घरी डोकावली होती. तिच्या नखांत पिवळा रंग होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. बाबा घोरत होते.

"शाळा बुडली?" तिनं कुजबुजत विचारलं.

"व्हय."

ती रागावली नाही. भिंतीला टेकून माझ्याशेजारी बसली. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली खरी, पण मामाला सांगून नाइटचा आठवडा संपेपर्यंत रोज सकाळी गाडीनं येत राहिली. अंगाचा रंग तिथं, पेज इथं.

बाबा त्यानंतर सायकलवरून कधी पडले नाहीत. निवृत्त झाले आणि दोघं पेणला राहायला गेली. तिथं बाबा रात्री नवाला आडवे होतात आणि भिंतीकडं तोंड करून सकाळपर्यंत झोपतात. कसला पडदा लागत नाही, कुणाला काही विचारावं लागत नाही.

झोप गेली ती आईची. मला हे पहिल्यांदा बाबांनीच सांगितलं. मी सुट्टीत गेले होते. ते म्हणाले, "तुझी आय रातची बसूनच असते. भांड्यावरचं झाकण हललं तरी उठते." इतकी वर्षं तिनं आमचे सगळे आवाज ऐकले होते. तिच्या झोपेचं काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिच्या पायाला तेल लावून पाहिलं. ती पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, "सोड गो, गुदगुल्या होतात."

मग एकदा आम्ही मामाकडं गेलो. सीझन होता. कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर धडधडत होता, पोरी गाणी लावून दागिने रंगवत होत्या, अंगणात टेम्पो मागं-पुढं होत होता. आई पडवीत एका गोणपाटावर जरा टेकली आणि बघता बघता झोपली. तोंड उघडं, हात पसरलेले. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. मामी उठवायला निघाली, तर बाबांनी हात धरून थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "हितं ऐकायला माणसं बरीच हायत."

आता ते आठवड्यातून तीनदा तिला दुपारच्या जेवणानंतर रिक्षानं हमरापूरला घेऊन जातात. ती झोपते. ते शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि पान उलटताना अजूनही आवाज होऊ देत नाहीत.