भावाच्या गाडीचे सांधे

भावाची गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली, त्या दिवशी बाबांनी दाढी केली.

कोणी म्हणेल, त्यात काय एवढं! पण गोदामाच्या शेडवरून पडल्यापासून हा माणूस खाट सोडत नव्हता. मोडलेला खांदा जुळला होता. डॉक्टरने हात फिरवून पाहिला आणि हळूहळू कामाला लागा म्हणाला. तरी मोबाईल छातीवर आणि तोंड भिंतीकडे. रोज सकाळी शटर उघडायला निघताना मी म्हणायची, "बाबा, काम नका करू. नुसते येऊन खुर्चीवर बसा." उत्तर ठरलेलं, "जाय तू, मी येतो." आले एकदाही नाहीत. आणि पोराची गाडी दिसली तर लगेच साबण, ब्लेड, आरसा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कामरगावात रस्त्याला लागून आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. बाबांनी उभं केलेलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बाबांची खुर्ची. मी तिथंच वाढले, तिथंच वेल्डिंग शिकले. मग लग्न झालं, जमलं नाही, परत आले आणि पुन्हा तोंडावर वेल्डिंगची काच घेतली. बाबा पडल्यापासून सगळं दुकान मीच चालवते. तरी गिऱ्हाईक आलं की माझ्या खांद्यावरून आत डोकावतं, "मालक कोठी हायेत?" मालक झोपलेत, तुम्ही काय पाहिजे ते बोला, असं मी म्हणते. गिऱ्हाइकाचा राग यायचा आणि जायचा. मला हवं होतं ते वेगळंच. बाबांनी एकदा त्या खुर्चीवर येऊन बसावं आणि माझं काम बघावं. बस.

तसं आधी ते बघायचे, पण चूक काढायला. बाबांचा सगळा मान सांध्यावर. दोन पाइप जोडले की ग्राइंडर फिरवायचा, घासून घासून सपाट करायचा, वर पुट्टी, वर रंग. "सांदा दिसाले नाई पायजे," हे मी आईच्या हाकेपेक्षा जास्त ऐकलं असेल. मला ग्राइंडरचा कंटाळा. माझे सांधे जिथल्या तिथे वर आलेले, एकावर एक चढलेले. "काय वं, मासोळीचे खवले काढले का?" असं बाबा गिऱ्हाइकासमोर म्हणायचे.

भाऊ माझ्यापेक्षा लहान. पुण्यात नोकरीला आहे आणि तिथं त्याला रॅलीचा नाद लागला. रॅली म्हटल्यावर गावात लोकांना आधी जयंतीच आठवली. मग त्यानेच समजावून सांगितलं. कच्च्या रस्त्यावर एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात, ज्याला कमी वेळ लागला तो पुढे. त्याने जुनी छोटी गाडी घेतली होती. पण आदल्या दिवशी सुरक्षेची तपासणी असते आणि त्यात पास झाल्याशिवाय गाडी सुरूच करू देत नाहीत. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा पाहिजे, म्हणजे गाडी उलटली तरी छत आत दबत नाही. ही त्याची पहिलीच रॅली, नाशिकजवळ.

"पुण्यात नाई का बनवून भेटत?" मी विचारलं.

"भेटते ना ताई. पन मले बाबाच्या हातचा पायजे."

घ्या! दुकान मी चालवते, हात माझे भाजतात, आणि ह्याला बाबांच्या हातचा पाहिजे. बाबा तोवर पाइपावरून हात फिरवत होते. भावाने पुण्याहून खास बिनजोडाचे पाइप आणले होते, आणि बाबा ते फडक्याने पुसत होते. इतक्या मायेनं त्यांनी आम्हा दोघांपैकी कोणाचं नाक पुसलं असेल असं मला वाटत नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बाबा माझ्याआधी दुकानात. गाडीच्या आत सुतळी धरून मापं घ्यायची, पाइप वाकवायचा, आत धरून पाहायचा, परत काढायचा. भाऊ सुटी काढून राहिला होता. तो काहीही बोलला की बाबा हसायचे. मी ट्रॉलीच्या चेसिसवर वाकलेली असायची आणि मागून ते हसणं ऐकू यायचं. वर आणि, "बाई, दोन चहा आन वं." दोन! तिसरा कोणी पीत नाही जणू.

एक अडचण आली. पिंजऱ्याचे वरचे पाइप छताला अगदी चिकटून जातात. तिथला सांधा खालून जोडता येतो, पण वरच्या अंगाने वेल्डिंगची नळी शिरत नाही. आणि सांधा तर पूर्ण गोल जोडलेला पाहिजे, असं भाऊ सांगत होता. बाबा गाडीभोवती फिरले, बिडी विझवली आणि म्हणाले, "खालच्या पत्र्याले भोकं पाड. पिंजरा खाली उतरवू, वरतून जोडू, मंग उचलून खाली पट्टी मारू."

"बाबा! मोठमोठे गॅरेजवाले बी असंच करतात!" भाऊ ओरडला. बाबांची मान अशी ताठ झाली की खांद्याचं दुखणं कुठल्या कुठे गेलं.

पण खांदा तो खांदाच. हात कानाच्या वर जाईना. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. "ते वरचे सांदे तू करून घे," ते म्हणाले. "तेथं कोनी पाह्यत नाई."

पिंजरा खाली उतरवल्यावर मी गाडीत शिरून, मान वाकडी करून, छताखालच्या वीतभर फटीत ते सांधे जोडले. ठिणग्या गळ्यात पडत होत्या. पिंजरा परत वर उचलला तसे ते सांधे छताला जाऊन भिडले. तिथं ग्राइंडर जाण्याचा प्रश्नच नव्हता, ते तसेच खवल्यांचे राहिले. बाकीचे सगळे बाबांनी स्वतः केले आणि स्वतः घासले. चकतीमागून चकती झिजवली. पुट्टी भरली, पांढराशुभ्र रंग मारला. भावाने पाइपावर बोट फिरवलं आणि मला हाक मारली, "ताई, पाह्य ना! कोठी जोडलं समजते का?"

"नाई समजत. लय भारी," मी म्हणाले, आणि आत जाऊन चहाचं भांडं गॅसवर आपटलं.

मग सीटचे पट्टे बसले, आग विझवायचं नळकांडं कसलं, गाडी ओढायचा हुक लाल रंगवला, बाहेरून बॅटरी बंद करायचं बटण लागलं. निघायच्या दिवशी भावाने बाबांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि चार पट्ट्यांनी आवळलं. कारंज्याहून समृद्धी महामार्गाला लागलो. मी मागून दुकानाच्या पिकअपमध्ये, टायर आणि सीओटू गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन घेऊन. बाहेरच्या कामाला जाताना मशीन सोबत असतंच, म्हणून चढवलं होतं. नाशिकपर्यंत माझ्यासमोर काय, तर भावाच्या गाडीची मागची काच आणि त्या काचेत बाबांचं पिकलेलं डोकं. सारखं भावाकडे वळणारं. माझ्या पिकअपमध्ये बसा म्हटलं तर त्यांची कंबर दुखते.

तपासणी एका मोठ्या मैदानात होती. रांगेत गाड्या, एकसारखे कपडे घातलेली पोरं. आमची पाळी आली. तपासणारे साहेब वयस्कर होते, हातात टॉर्च. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, नळकांडं हलवून पाहिलं, बटण दाबून इंजिन बंद पडतं का ते पाहिलं. सगळं ठीक. मग आत वाकून पिंजऱ्यावर टॉर्च मारला. एका कोपऱ्यावर बोट फिरवलं. परत फिरवलं. दुसऱ्या साहेबांना बोलावलं. दोघं मिळून शोधू लागले.

बाबांनी मला कोपराने ढोसलं. "पाह्य, सांदा सापडून नाई राह्यला त्यायले!"

इतक्या दिवसांत कामाशिवाय ते माझ्याशी आपणहून बोलले ते हे.

साहेबांनी खिशातून छोटी पट्टी काढली आणि सांध्यावरची पुट्टी खरवडली. पांढरा पापुद्रा खाली पडला. बाबांचा हात नकळत पुढे गेला. "हे कोणी घासलं?" साहेबांनी विचारलं.

"मीनं," बाबा म्हणाले. अजून त्यांना वाटत होतं, शाबासकी येणार.

"कशासाठी?"

"दिसाले बरं दिसते ना साहेब."

साहेब चांगले होते, आवाज चढवला नाही. "काका, इथं वेल्डिंग दिसलंच पाहिजे. घासलं की सांधा पातळ होतो. गाडी उलटली तर इथूनच सुटेल आणि पाइप पोराच्या डोक्यात येईल. अशी गाडी मी सोडू शकत नाही." मग त्यांनी टॉर्च वर छताकडे नेला आणि थांबले. "हे बघा. हे असं हवं. हे कोणी केलंय?"

भाऊ म्हणाला, "ताईनं."

"मग ताईंना सगळे असे करायला सांगा. संध्याकाळी आम्ही बंद करायच्या आत आणलंत तर परत बघतो."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटातून उकळी फुटल्यासारखा आनंद झाला. माझे खवले! सगळ्या मैदानासमोर! वाटलं आता वळावं आणि म्हणावं, काय बाबा, तिथं कोणी पाहत नाही ना?

वळले. बाबा गाडीच्या चाकापाशी मातीत बसले होते. इस्त्रीच्या शर्टासकट. पुट्टीचा तो पापुद्रा हातात घेऊन. "इतक्या लांबून घेऊन आलो मी याले त्याच्यात," ते म्हणाले. "माह्याच हातानं मारलं असतं न वं पोराले."

एवढं कौतुक माझं झालं होतं, तरी त्यांच्या तोंडात पोरगाच. मला राग आला. पण त्यांचं तोंड पाहून तो राग मला नीट धरताही येईना.

"उठा," मी म्हणाले. "बसून काय होते? पोते ओले करा."

मैदानाच्या कडेला, दुसऱ्या टीमच्या जनरेटरवर मशीन लावलं. भावाने बॅटरी आणि सीटा बाहेर काढल्या. ठिणग्यांनी काही पेटू नये म्हणून बाबांनी आत ओली पोती अंथरली आणि मी सांध्यांवरची पुट्टी आणि रंग काढला. पहिल्याच सांध्याला फुसफुस झाली, वेल्डिंग जाळीदार आलं. मी परत घासून लावलं, परत तेच. मी मशीनला शिव्या दिल्या.

"मशीन नाई. वारा हाय," बाबा म्हणाले. "ग्यास उडून राह्यला तुया." आणि पिकअपमधली ताडपत्री घेऊन गाडीच्या दारात उभे राहिले. चांगल्या हाताने एक टोक धरलं, दुसरं त्या खांद्यावरून वर ताणलं. तो हात कानाच्या वर गेला.

दुपारभर असंच. मी सांधा जोडायची, ते वाऱ्याकडे पाठ करून ताडपत्री ताणायचे. भाऊ "द्या बाबा, मी धरतो" म्हणाला तर त्याला हाकललं. त्यांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मी त्यांची हातात धरायची जुनी काच भावाला त्यांच्या तोंडासमोर धरायला लावली. त्या काचेतून ते बघत होते. पाइप नाही, गाडी नाही, माझा हात बघत होते. मला ते न वळता कळत होतं.

संध्याकाळी साहेबांनी टॉर्च फिरवला, सगळ्या खवल्यांवरून बोट फिरवलं आणि गाडीला पासचं स्टिकर लावलं. भावाने बाबांना मिठी मारली. मग फोटो. मी फोन धरला, कारण फोटो काढायला कोणीतरी लागतंच. दुसऱ्या दिवशी भाऊ शेवटपर्यंत पोचला, गाडी धड राहिली, पोरगा धड राहिला. परत फोटो. परत फोन माझ्याच हातात.

तो तिथूनच पुण्याला गेला. बाबा आता झक मारत पिकअपमध्ये बसले. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील. कारंजा येईपर्यंत एकदाच बोलले. "डिझेल टाकलं का?"

दुसऱ्या सकाळी मी हाक मारली नाही. म्हटलं, गाडी गेली, पोरगा गेला, आता परत खाट आणि भिंत. मरू दे. शटर उघडलं, जायच्या आधी राहिलेला ट्रॉलीचा हुक घेतला, रागारागात जोडून टाकला आणि बाबांची बोलणी आठवून ग्राइंडर उचलला.

मागून कोणीतरी माझं मनगट धरलं.

बाबा होते. दाढी केलेली नव्हती. माझ्यासाठी कोण दाढी करतं! त्यांनी माझ्या हातातून ग्राइंडर काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "दिसू दे." मग खुर्चीवरची धूळ हाताने झटकली आणि बसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाऊ होता. बाबांनी फोन कानाला लावला. "सांज्याले कर बापू," ते म्हणाले. "आत्ता आमी काम करून राह्यलो." आणि ठेवून दिला.

मी पटकन काच तोंडावर ओढली. वेल्डिंग सुरू केलं नाही. नुसतीच तशी बसून राहिले थोडा वेळ.