सासऱ्यांसाठी झुलती खुर्ची

माझ्या सासऱ्यांना कोणत्याही वस्तूची गरज नव्हती. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही.

सांगितलं असतं तरी लग्न मी केलंच असतं (हे बायको वाचणार आहे), पण निदान नाताळच्या खरेदीला दिवाळीतच लागलो असतो! गोष्ट नव्वदच्या सुमाराची. मी मूळचा डाळजचा, घर बौद्ध, नोकरी भवानीनगरला साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात. बायको एस्तेर बारामतीची, घर ख्रिस्ती. कॉलेजातली ओळख. दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फुगवली, आणि मग लग्नात एकमेकांना जिलेबीचा आग्रह करताना ती सूज कधी उतरली ते त्यांनाही कळलं नाही. आता लग्नानंतरचा पहिला नाताळ आला होता, आणि जावई म्हणून माझी परीक्षा होती.

"रिकाम्या हातानं जाऊ नगंस," माझ्या आईनं डाळजहून निरोप धाडला. "आन् म्हातारा नगं म्हनला तर आवर्जून दे. नगं म्हनणाऱ्यालाच लई हवं असतंय."

सासरी माणसं तीन. सासूबाईंना काहीही द्या, त्या ते पुढं देऊन टाकायच्या. दिवाळीत मी दिलेली मोरपंखी साडी मला पंधरा दिवसांनी बारामतीच्या भाजी मंडईत भेटली. शेजारच्या काकूंच्या अंगावर! काकूंनी मला ओळख दाखवली, मी साडीला दाखवली. दुसऱ्या मार्थाआत्या, सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, निवृत्त नर्स. त्या भेटवस्तू हातात घ्यायच्या, पेशंटसारखी उलटीपालटी करून तपासायच्या आणि विचारायच्या, "दुकानाची पिशवी हाय का? बदलून आणते."

"आत्याचं सोपं आहे," एस्तेर म्हणाली. "काहीही घ्या, पावती आत ठेवा. आईला दोन साड्या घ्या. एक वाटायला, एक नेसायला." (सासूबाईंनी पुढं दोन्ही वाटल्या, पण तो वेगळा विषय.)

"आणि पप्पांना?"

एस्तेर सल्ला अर्धवट टाकून चहा ठेवायला उठली. एरवी तिचा सल्ला थांबवायला मला जमत नाही.

सासरे, शमुवेलराव, जन्मभर एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. बाटल्या भरून भरून त्यांचं बोलणंही तसंच झालेलं, दिवसातून तीन वेळा एकेक चमचा. त्यांना काही दिलं की ते दोन्ही हातांनी घेत, म्हणत, "छान आहे. ठेवा." आणि ते कपाटात ठेवलं जाई, कायमचं. एस्तेरनं मला ते कपाट उघडून दाखवलं होतं. डबीतलं घड्याळ डबीतच, शाल प्लॅस्टिकमध्येच, आणि एका थर्मासच्या झाकणावर अजून दुकानदाराची चिठ्ठी.

"पण या माणसाला आवडतं तरी काय?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी फक्त चोवीस वर्षं राहिले त्यांच्याबरोबर."

झालं! मला दुसरं काही सुचेना. ऑफिसात बसलो तरी डोक्यात एकच, शांत बसलेला माणूस आतून काय मागत असेल? आधी इंदापूरच्या बाजारात गेलो. तिथं ओळखीचे मुलाणीचाचा, त्यांचं कटलरीचं दुकान. त्यांना सगळं सांगितलं.

"सासरं बोलत न्हाईत?" चाचांनी डोळे मिटले. "नशीबवान हाय तुमी! माझं सासरं बोलत्यात. अत्तर न्या."

"कंपाउंडर होते हो. वासाला कंटाळले असतील."

"मग तुमी असं करा, त्येंच्या मागं मागं फिरा. माणूस कुठल्या दुकानाम्होरं थांबतो त्ये बघा. गिऱ्हाईक मी असंच वळखतो."

आता हा सल्ला मी मनावर घ्यायला नको होता. पण पुढच्या रविवारी मी बारामतीत, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाच्या खांबाआड उभा होतो, आणि समोरच्या रस्त्यावरून शमुवेलराव सावकाश चालले होते.

साखर कारखान्याचा माणूस सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन उसाचा रस पितो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण नुसतं उभं कसं राहायचं? मी ग्लासामागून ग्लास पीत होतो आणि सासरे दुकानामागून दुकान बघत होते. आधी चपलांच्या दुकानासमोर थांबले. (मी रस प्यालो.) मग रेडिओच्या. (पुन्हा रस.) मग ते गेले वेताच्या सामानाच्या दुकानात. तिथं बाहेर एक झुलती खुर्ची मांडली होती, चांगली ऐसपैस, पाठीला नक्षी. सासरे तिच्याभोवती फिरले. हातानं दाबून बघितली. इकडंतिकडं बघून हळूच तिला एक धक्का दिला. खुर्ची डुलली.

आणि शमुवेलराव हसले!

लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये जो माणूस एकदाही हसला नव्हता, तो भर रस्त्यात एका खुर्चीकडं बघून हसला! मला इतका आनंद झाला की रसवाल्याला फक्त मिठी मारायचीच बाकी होती. सासरे दुकानात शिरले, बऱ्याच वेळानं रिकाम्या हातांनी बाहेर आले आणि घराकडं वळले. परवडली नसणार बिचाऱ्यांना! मी धावतच दुकानात.

"ती झुलती खुर्ची!"

"शेवटचीच हाय," दुकानदार म्हणाला. "तिची जोडीदारीण आत्ताच इकली, मागनं घरी धाडायचीया. सा महिनं कुणी बघत नव्हतं, आन् आज काय झालंय कळंना!"

माझं नशीब, असं मी मनाशी म्हणालो. (हुशार वाचकाला इथं शंका यायला हवी. मला आली नाही.)

भेट नाताळपर्यंत लपवायची, म्हणजे खुर्ची भवानीनगरला न्यायला हवी. एसटीच्या टपावर जागा नव्हती, वर कुणाचा तरी संसार बांधला होता. कंडक्टर म्हणाला, "आत घ्या, पर वाटंत ठिऊ नगा." एसटीत वाट सोडून खुर्ची कुठं ठेवायची? शेवटी ती मागच्या दारापाशी उभी केली. पहिल्या खड्ड्यालाच एका आजीबाईंनी ती ताब्यात घेतली आणि भवानीनगरपर्यंत डुलत आल्या. उतरताना मी खुर्ची मागितली तर म्हणाल्या, "आरं, ही एसटीची न्हाय व्हय? म्या म्हनलं, सरकारनं सोय केली!"

नाताळच्या सकाळी तीच खुर्ची चादरीत गुंडाळून मी आणि एस्तेर टेंपोतून बारामतीला गेलो. दारावर कागदी चांदणी, आत करंज्यांचा आणि केकचा वास, चर्चहून आलेली माणसं. मी चादरीतला तो अवाढव्य आकार उचलून दारात आलो, आणि थबकलो.

बाहेरच्या खोलीत, मधोमध, चादरीत गुंडाळलेला अगदी तसाच एक आकार उभा होता!

मी सासऱ्यांकडं बघितलं. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आम्ही दोघांनी दोन्ही चादरींकडं बघितलं.

"उघडा तरी," मार्थाआत्या म्हणाल्या. "मयत झाल्यासारखं काय बघताय?"

चादरी काढल्या. दोन खुर्च्या. नक्षीसकट सारख्या.

"तुम्हाला आवडली होती ना?" मी कसंबसं म्हणालो. "तुम्ही दुकानापुढं हसलात, मी बघितलं."

"मी हसलो," सासरे म्हणाले, "कारण तुम्ही तिच्यात कसे दिसाल ते डोळ्यांपुढं आलं." मग त्यांनी आणखी एक चमचा दिला. "तुम्ही आमच्याकडं आलात की कायम खाली जमिनीवर बसता. वाटलं, जावयाला आमची लाकडी खुर्ची टोचत असेल."

मी जमिनीवर बसत होतो ते त्यांचा मान राखायला! आता हे कसं सांगणार?

"बसा ना," सासरे म्हणाले.

"आधी तुम्ही."

"एकदम बसू."

आम्ही समोरासमोर बसलो आणि झुलायला लागलो. खोली एवढीशी. ते पुढं आले की मी मागं, मी पुढं आलो की ते मागं, नाहीतर गुडघ्याला गुडघा. सगळं घर कौतुकानं बघत होतं. थोड्याच वेळात माझ्या पोटात कालवायला लागलं. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात माझं जे झालं होतं त्याची आठवण झाली (ती इथं सांगत नाही, करंज्या खाऊन वाचणारेही असतील). पण सासऱ्यांनी दिलेली खुर्ची! आधी थांबणार कसं? समोर शमुवेलरावांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत होता. ओठ घट्ट मिटलेले. तरी झुलताहेत!

"आवडली ना?" ते दातांतून म्हणाले.

"फार! तुम्हाला?"

"छान... आहे."

मार्थाआत्यांनी चष्मा वर केला, पुढं येऊन दोघांच्या मनगटावर एकेक हात ठेवला आणि जाहीर केलं, "थांबवा ह्येंना! दोघंबी वकणार हायती!"

सासूबाईंनी माझी खुर्ची धरली, एस्तेरनं तिच्या वडिलांची. माझी इतकी झटक्यात थांबली की मी पुढं गेलो तो थेट करंज्यांच्या ताटात. दोघांना लिंबूपाणी देऊन भिंतीशी टेकवून बसवलं. जमिनीवर. किती बरं वाटलं!

"ह्यांना लहानपणापासून झोपाळा सोसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला विचारायचं तरी!" मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आता एकदा सांगूनच टाका. सगळं गाव तुमच्यासाठी वस्तू शोधून थकलं. तुम्हाला हवंय तरी काय?"

सासऱ्यांनी लिंबूपाणी संपवून ग्लास खाली ठेवला.

"कारखाना बघायचा होता," ते म्हणाले. "आतनं."

"कुठला?"

"ह्यांचा. साखरेचा." आणि मग तो माणूस बोलायला लागला! सगळी बाटली एकदम! "दवाखान्याच्या खिडकीतनं जन्मभर उसाच्या बैलगाड्या जाताना बघितल्या. हिरवा-काळा ऊस जातो, पांढरी साखर येते. मधे काय होतं? पांढरी कधी होते? औषधं मी हातानं ढवळलीत, म्हणून विचारतो. एवढा मोठा पाक ढवळतं कोण?"

"मग कधी बोलला नाहीत?" एस्तेरनं विचारलं.

"तुम्ही वस्तूंचंच विचारत होता."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पांढरी कधी होते? मला काय ठाऊक! आमचं शेतकी ऑफिस गेटाबाहेर. नोकरीला लागल्यापासून आत जावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांची परवानगी काढून मी सासऱ्यांना आत नेलं. त्यांनी चर्चचा काळा कोट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घातले होते. मी त्यांची जेवणाची पिशवी आणि छत्री धरून मागं. आत ही गरम वाफ, हा गोड वास, यंत्रांचा असा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. आणि शमुवेलराव? वाकून बघताहेत, वास घेताहेत, दिसेल त्याला थांबवून प्रश्न विचारताहेत. रस कढायला किती लागतं? रसात ही चुनकळी कशाला? गरगर फिरणाऱ्या जाळीच्या भांड्यापाशी तर ते लहान पोरासारखे उभे राहिले. तपकिरी राब, म्हणजे आटवलेला दाट पाक, आत गेला, भांडं फिरलं, वर पाणी मारलं आणि कडेला पांढरीशुभ्र साखर दिसायला लागली. "झाली!" ते ओरडले. "बघा, झाली!" मीही ओरडलो. खरंच, काय सुंदर दिसत होतं ते!

एवढे प्रश्न विचारणारा काळ्या कोटातला माणूस म्हणजे पुण्याहून आलेला तपासणी अधिकारीच, अशी बातमी तोवर पसरली होती. मुख्य केमिस्ट स्वतः धावत आले. "या साहेब, लॅबमध्ये या, चहा सांगितलाय!" त्यांनी दार उघडून धरलं. सासऱ्यांमागून मी शिरायला लागलो तर माझ्या हातातली पिशवी आणि छत्री बघून त्यांनी मला अडवलं.

"तुमचा शिपाई बाहेर थांबू दे, साहेब."

शमुवेलराव वळले. त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं, अगदी चमचा मोजल्यासारखं, आणि म्हणाले,

"येऊ द्या हो त्याला. कारखान्याशेजारीच नोकरीला आहे, पण बिचाऱ्यानं साखर कधी बघितली नाही."