आमच्या साडेसातीला एसी केबिन

चांगल्या साहेबाचा एक तरी किस्सा तुम्हाला आठवतो का? नाही ना! वाईट साहेब मात्र दोनच वर्षं भेटला तरी त्याचे किस्से जन्मभर पुरतात. सोनईच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये आम्हाला असाच एक लाभला. मी स्पेअर पार्टच्या काउंटरला, कमलताई बिलिंगला आणि दत्तू सेल्सला. तिघं चहाला बसलो की अजून त्याच माणसाचा विषय निघतो.

*

साहेब मूळचे पुण्याचे. आल्या आल्या त्यांना शोध लागला की स्टाफ बाथरूममध्ये मोबाईल बघत बसतो. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून त्यांनी बाथरूमचं दारच काढून टाकलं!

कमलताईंचं सासर शनिशिंगणापूर. त्या तडक केबिनमध्ये गेल्या.

"ताई, तुमच्या गावात तर घरांनाच दारं नाहीत," साहेब हसत म्हणाले. "तुम्हाला सवय असेल."

"दारं न्हाईत साहेब, पन पडदा तरी असतो! आमच्या गावात देव राखन करतो. इथं कोन करनार, तुमी?"

संध्याकाळच्या आत दार परत लागलं.

*

दत्तूचं वय चौतिशीला टेकलेलं. आमच्याकडं शेती असली तरी पोरांना मुली मिळेनात, हे काय नव्यानं सांगायला नको. लई दिवसांनी एक स्थळ चालून आलं. निघायच्या वेळीच साहेबांनी मीटिंग लावली. विषय होता, वेळेचं नियोजन!

दत्तूनं चुलतभावाला फोन केला, "तू फुडं जाऊन बस. पाव्हन्यांना बोलन्यात गुतवून ठेव. मी आलोच."

मीटिंग तीन तास चालली. दत्तू पोचला तेव्हा पोहे संपले होते आणि मुलीनं चुलतभावाला पसंत केलं होतं.

त्या लग्नात दत्तू पंगतीत वाढायला होता. आम्ही त्याला हसलो खरे, पण त्या दिवशी त्याच्याकडं बघून मला फार वाईट वाटलं.

*

दुसरं स्थळ पारनेरचं. या वेळी दत्तू वेळेवर पोचला. मुलगी समोर येऊन बसली आणि नेमका साहेबांचा फोन आला. उचलताना घाईत स्पीकर दाबला गेला.

"गाढवा, डेमो ट्रॅक्टरची चावी कुठं ठेवलीस?"

मग पाच मिनिटं नुसता तोंडाचा पट्टा! सगळी बैठक ऐकत होती. दत्तू आपला, "व्हय साहेब. चुकलं साहेब. ड्रॉवरमधी हाय साहेब."

फोन बंद झाला. दत्तूनं मान खाली घातली. तेवढ्यात मुलगीच बोलली.

"आबा, एवढं ऐकून बी मानूस उलट बोलला न्हाई. मला हाच नवरा पायजे!"

साहेबांच्या हातून घडलेलं हे एकमेव पुण्यकर्म.

*

दत्तू पत्रिका घेऊन केबिनमध्ये गेला आणि आठ दिवसांची रजा मागितली. साहेबांनी पत्रिका उचलली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"लग्न म्हणजे दोन तासांचं काम. हाफ डे घे. मुहूर्त लंच टाइममध्ये बसतोय का बघ!"

तिकडं चुलतभावाची गोष्ट पारनेरपर्यंत गेली होती. सासऱ्यानं निक्षून सांगितलं, "हळदीपासून नवरदेव मांडवात दिसला न्हाई, तर लगीन मोडलं म्हनून समजा!"

दत्तूला जेवण गोड लागेना. शेवटी कमलताई म्हणाल्या, "ही आपल्या मागची साडेसातीच हाय. चला, शनीला तेल वाहू."

*

शनिवारी सकाळी तिघांनी थापा मारल्या. माझी मावशी वारली, कमलताईंकडं पाहुणे आले, आणि दत्तूला जुलाब लागले. साहेब स्वतः पुण्याला मीटिंगला जाणार होते, त्यामुळं आम्ही निवांत.

शिंगणापुरात तेलाची बाटली घेऊन रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढच्या माणसाच्या हातातही बाटली होती. तो मान खाली घालून फोनवर बोलत होता.

"सर, मीटिंगला येणं शक्यच नाही! आमचा दत्तू ॲडमिट आहे. जुलाबानं अगदी सिरियस. मी त्याच्या उशाशीच बसलोय."

आवाज ओळखीचा. माणूस वळला. आमचे साहेब!

पलीकडून पुण्याचे मोठे साहेब इतक्या जोरात ओरडत होते की आम्हालाही ऐकू आलं. "खोटं बोलता! द्या त्याच्याकडं फोन!"

साहेबांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी फोन दत्तूपुढं केला.

दत्तू कण्हत म्हणाला, "सर... साहेबांमुळंच वाचलो. पन डॉक्टर म्हनत्यात, आठ दिवस आराम पायजे."

"घे! भरपगारी घे! मी साहेबांना सांगतो."

फोन बंद झाला. रांग थोडी पुढं सरकली. साहेबांनी आमच्या तिघांकडं पाहिलं, मग दत्तूच्या हातातल्या बाटलीकडं.

"तुमची साडेसाती कोण रे? मी?"

"सकाळपस्तोर व्हता साहेब," दत्तू म्हणाला. "आता रजा मिळाली!"

"मग ती बाटली इकडं दे," साहेब म्हणाले. "माझी साडेसाती पुण्यात बसलीय, तिला एक पुरणार नाही!"